बंडोपंतांचा खर्ज

इसवी सन २०६१ मध्ये मानवाने ध्वनीवर संपूर्ण विजय मिळवला. निदान बंडोपंतांच्या माहितीपुस्तिकेत तसं छापलं होतं. बंडोपंत म्हणजे मिरजेच्या आरगे कुटुंबातले यंत्रमानव. ते भांडी घासत आणि संध्याकाळी चार्जिंगला उभे राहून कस्तुरीच्या रियाजासाठी तंबोरा वाजवत. पोटातून, अर्थात.

अकरा वर्षांच्या कस्तुरीला या विजयाचा काही फायदा होत नव्हता. गाण्याच्या क्लासात लाकडी तंबोऱ्यासोबत तिचा षड्ज (म्हणजे ‘सा’, ज्याच्या आधाराने बाकीचे सूर उभे राहतात) खणखणीत लागे. घरी तोच ‘सा’ पाच मिनिटांत खाली घसरे. हळूहळू ही सवय क्लासातही पोचली. रविवारपर्यंत ‘सा’ जागेवर आला नाही, तर समूहगीतात एकटीने म्हणायची ओळ दुसऱ्या मुलीला देणार, असं क्लासच्या विभावरीबाईंनी सांगून टाकलं.

घरात कारणं शोधून झाली. आईच्या मते दही. बाबांच्या मते लक्ष नसणं. बंडोपंतांनी नम्रपणे सुचवलं, की दोष गळ्यात असावा, कारण आपल्यात दोष नसतो.

कस्तुरीच्या आजोबांनी, आप्पांनी, उपग्रहांचे क्षीण संदेश ऐकण्यात चाळीस वर्षं घालवली होती. त्यामुळे घरातलं काही ऐकायची त्यांना सवय नव्हती. या वेळी मात्र त्यांनी तंबोरा थांबवायला सांगितला. तंबोरा थांबला. बंडोपंतांच्या छातीतून बारीक ‘घूं’ चालूच राहिली.

“हे काय?”

“तो माझा खर्ज आहे, आप्पासाहेब.”

आप्पांनी प्लग काढला. खर्ज गेला.

मग त्यांनी आलेखाच्या कागदावर ठिपके काढले. बंडोपंतांच्या पोटात तंबोरा नसतो, आकडे असतात. एका सेकंदाला चव्वेचाळीस हजारांहून जास्त. एक ठिपका म्हणजे एक आकडा. ठिपक्यांतून गुळगुळीत रेघ ओढली, की आवाजाची लहर तयार. हे काम परिवर्तक (आकडे घेऊन विजेची लहर देणारं यंत्र) करतो. त्याला डॅक म्हणतात. बंडोपंतांचा डॅक चार्जरच्या मांडीला मांडी लावून बसला होता. घरातली वीज सेकंदाला पन्नासदा हेलकावते. चार्जरमध्ये तिची शंभर कंपनांची ‘घूं’ होते आणि ती नाजूक लहरीत मिसळते. कस्तुरीची पट्टी पेटीवरची काळी चार, त्या पट्टीत तंबोऱ्याचा खालचा ‘सा’ साधारण एकशेचार कंपनांचा. घूं त्याच्या जेमतेम खाली.

“म्हणजे मी घूंशी जुळवून घेत होते?” कस्तुरीने विचारलं.

“तू मनमिळाऊ आहेस,” आप्पा म्हणाले.

त्यांनी साबणाच्या डबीत वेगळा डॅक बसवला. त्याला स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा स्पीकर दिला. बंडोपंतांपासून डबीपर्यंत काचेची केसाएवढी तार नेली. तिच्यातून वीज जात नाही, फक्त प्रकाशाची उघडझाप जाते. दिवा लागला म्हणजे एक, विझला म्हणजे शून्य.

“पण आकड्यांत घूं मिसळली तर?”

“कुणी शिंकत शिंकत पाच सांगितला, तरी ऐकणारा पाचच लिहितो ना? बिघडते ती लहर. म्हणून लहर बंडोपंतांच्या पोटाबाहेर तयार करायची, चार्जरपासून लांब.”

बंडोपंतांनी हे मनाला लावून घेतलं आणि दोन दिवस भांडी जरा जोरात घासली.

डबीतून तंबोरा वाजला, तेव्हा आईने स्वयंपाकघरातून विचारलं, की कोण आलंय. कस्तुरीने त्या सुरावर तीन दिवस ‘सा’ धरला. रविवारी बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि ती ओळ तिच्याकडेच ठेवली. आप्पांना आता खात्रीच होती, की उद्या मंगळावरच्या मुलीचं गाणं मिरजेत येईल, तेही ‘सा’ जागच्या जागी ठेवून. आकडे प्रवासाने दमत नाहीत.

त्या आनंदात बाबांनी फोनवर टिपलेलं कस्तुरीचं रविवारचं गाणं डबीतून लावलं. सगळे बसून ऐकू लागले. आवाज अतिशय स्वच्छ होता. दुसऱ्या ओळीतला गंधार (म्हणजे ‘ग’) उतरलेला होता. तो काही विजेमुळे उतरला नव्हता.