तीस दिवसांची अट

भंडारदऱ्याच्या घरातल्या सामानाचा विमा उतरवायला कोणी तयार होईना. वर्षातले दहा महिने कुलूप असलेल्या घराला कोण हात लावणार? चार नकार पचवून वैतागलेल्या मधुवंतीने सावेडीतल्या पाचव्या ऑफिसात फाइल टेबलावर आपटली, तसा पलीकडे डबा खात बसलेला सोनईचा कल्याण दचकला आणि शेवग्याची आमटी सरळ तिच्या ओढणीवर.

“हिचाही विमा उतरवता का?” तिने ओढणी पुढे धरली.

विमा विकण्यात पटाईत गडी, पण त्याने घाईघाईने डब्याचं झाकणच तिच्यापुढे धरलं. सामानाचा विमा त्याने कंपनीच्या मागे लागून मिळवून दिला, आणि पॉलिसी हातात देताना – देव जाणे कुठून सुचलं – एक अट ठोकून दिली. “घर सलग तीस दिवस बंद ठेवायचं नाही. महिन्यातून एकदा घरच्या माणसाने जायचं आणि... सामानाची यादी मी येऊन तपासायची.”

अट होती साठ दिवसांची. यादी तपासायचं तर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आठ महिने हे सोंग झकास चाललं. ती बाबांची गाडी घेऊन यायची, हा मोटरसायकल दामटत. यादीला एक तास, चहाला दोन.

“चमचे?”

“बारा. मागच्या महिन्यातही बाराच होते.”

“चमच्यांचा काय भरवसा...”

ती हसायची, धरणावरचा गार वारा पडदे उडवायचा आणि कल्याण पुन्हा एकपासून मोजायला लागायचा. मनापासून आवडली होती हो त्याला. सांगायचं तेवढं राहिलं होतं.

नवव्या महिन्यात चहा ओतता ओतता ती म्हणाली, “शेजारच्या छबूबाई आता इथेच राहणार. बाबांनी ठरवलंय. सुटलात तुम्ही.”

कल्याणने हातातली यादी खाली ठेवली. “न्हाई... म्हणजे, तसं चालत नाही. घरचंच माणूस लागतं.”

“कुठे लिहिलंय?” तिने पर्समधून पॉलिसी काढली. चौथं पान उघडलं आणि थबकली. “इथे तर साठ दिवस आहेत. तीस कुठून आणलेत?”

“मी आणले.” आता लपवून काय उपयोग होता? “साठ लई हुतात. दोन-दोन महिने तुमी दिसणार न्हाई, हे... झेपलं नसतं मला. यादीबी माझीच. तुमी आवडता मला. आमटी सांडली तवापासून.”

मधुवंती चहा ढवळायला लागली. साखर घालायची राहूनच गेली होती.

“आठ महिने मी वाट बघतेय,” ती म्हणाली, “आणि तुम्ही चमचे मोजताय.”

मग तिने बाबांना फोन लावून स्पीकरवर टाकला. “बाबा, छबूबाई नकोत. घरचंच माणूस लागतं म्हणे. आणि अट बदललीये... आता दर पंधरा दिवसांनी यावं लागेल.”

चाळीस वर्षं पेपर तपासलेले शरच्चंद्र मास्तर शांतपणे म्हणाले, “साठ दिवस आहेत, मधू. मी पहिल्याच दिवशी वाचलंय. छबूबाईंचं नाव काढलं, म्हटलं आता तरी तो तोंड उघडेल. उघडलं का?”

“हो,” ती कल्याणकडे बघत म्हणाली.

“मग रविवारी जेवायला घेऊन ये. फक्त आमटीचं भांडं त्याच्या हातात देऊ नकोस.”