कठड्याची बाहेरची बाजू

ढवळत राहा रे, नाहीतर पांढरा रंग तळाशी बसेल. आणि मगाशी कोण म्हणालं, कठड्याची बाहेरची बाजू कशाला रंगवायची, ती बघतंय कोण? तू का? बस इथे आजोबाजवळ. सांगतो.

आपल्या पेंटरकाकांची गोष्ट. त्यांची नि माझी भिंत एकच, म्हणून मला ठाऊक. जुना पूल गर्दीसकट खचला, अख्ख्या देशानं दुखवटा पाळला, त्यात त्यांची छकुली गेली. सहा वर्षांची. सापडलीच नाही. तेव्हापासून काकूंनी नेम धरला, पोर येईपर्यंत रात्री दाराला कडी लावायची नाही. वर्षानुवर्षं दार नुसतं लोटलेलं.

नव्या पुलाचा कठडा स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी आपण स्वयंसेवक रंगवतो, तसा मी सांगतोय त्याही वर्षी रंगवला. शुक्रवार, अकरा तारीख. रात्री काका जेवून हात धुताहेत, तोच काकूंनी विचारलं, "बाहेरची बाजू झाली?"

"अगं, तिकडून नदीच काय ती बघते."

"मग नदीसाठी रंगवा."

काकूंपुढे कोणाचं चाललंय? काका डबा, ब्रश, बॅटरी घेऊन निघाले. वाटेत मात्र त्यांनी मनाशी ठरवलं, आज परतल्यावर कडी लावायचीच. वाट बघून बघून बायको निम्मी झाली होती.

पुलावर चिटपाखरू नव्हतं. काका कठड्यावर ओणवे झाले आणि हात पलीकडे सोडून, अंदाजानंच रंगवत सरकू लागले. मधोमध आल्यावर त्यांनी बॅटरी लावून मागचं काम पाहिलं.

ओल्या रंगात हाताचे पंजे उमटले होते. बाहेरच्या अंगानं. खाली नुसतं पाणी.

"माकड असेल, आजोबा."

असेल. काकांनीही मनाला तेच सांगून पाहिलं. पण पंजे इवलेसे होते. एकापुढे एक. टोकापासून... त्यांच्याच दिशेनं.

शेवटचा पंजा त्यांच्या हाताखालीच होता.

"छकु..."

पाण्याचाही आवाज नाही.

काका पळाले. डबा तिथेच. घरात शिरले आणि कडी घातली. टर्पेंटाइननं हात स्वच्छ केले. काकू झोपल्या होत्या. काका दाराला पाठ लावून बसले.

बाहेर पाऊल वाजलं नाही. कोणी दार ढकललं नाही.

पहाटे डोक्यावर कडी वाजली.

आतून.

काकांना मान वर करवेना. खाटेवरून काकूंचा झोपाळलेला आवाज आला, "आली?"

...

उजाडल्यावर पाहिलं तर कडी निघालेली. तिच्यावर पांढरी बोटं. चार, बारीक. काकूंनी हात जोडले, कपाळ तिथे टेकवलं आणि हसल्या. किती वर्षांनी! त्या रात्रीपासून त्या स्वतः कडी लावून घेतात. "आता बाहेर कोण राहिलंय?" म्हणतात. काका मात्र त्या घरात अंधार करू देत नाहीत.

तेव्हापासून बाहेरची बाजू आपण आधी रंगवतो. दिवसाउजेडी.

आणि ती बोटं? काकांनी घासून पाहिली, निघाली नाहीत. परवाच मी सहज कडीला हात लावला.

हे बघा माझं बोट.

रंग अजून ओला आहे.