तिसऱ्या रांगेतून दोन टोले

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर जळगावला मेहरूणमध्ये जा आणि चांदभाई अक्षरवाल्यांचं घर विचारा. ते चहा पाजतील, गोष्टही सांगतील. फक्त शेवट जवळ आला की उठून बाहेर जातात.

भुताला रात्र लागते असं आपण धरून चालतो. इथे रात्र नाही. गेल्या डिसेंबरची अठरा तारीख, दुपारचे तीन, आणि धुळ्यातलं एक नाट्यगृह.

चांदभाईंचं काम म्हणजे नाटकाचं नाव मागच्या काळ्या पडद्यावर उजळवायचं. प्लायवूडमध्ये अक्षर कापायचं, त्याला बटर पेपर लावायचा, मागे पेटी करून बल्ब बसवायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण बल्ब जरा इकडेतिकडे झाला की अक्षराच्या पोटात त्याचा पांढरा ठिपका दिसतो आणि सगळी मजा जाते. अक्षर कसं, आतून उजळल्यासारखं दिसलं पाहिजे.

आणि हा ठिपका मागून दिसत नाही. तो फक्त समोरून दिसतो.

म्हणून तीस वर्षं समोर अमिनाबी बसायच्या. तिसरी रांग, कडेची खुर्ची. तिथून नवऱ्याला ओरडून सांगायच्या, आणि ओरडण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. पुढे घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. मग त्या घराच्या कुलपाची पितळी किल्ली खुर्चीच्या लोखंडी हातावर वाजवू लागल्या.

एक टोला, बरोबर. दोन टोले, चूक.

त्या डिसेंबरच्या दोन वर्षं आधी याच नाट्यगृहात असंच काम चालू होतं. चांदभाई पडद्यामागे, अमिनाबी समोर. शेवटच्या अक्षराला दोन टोले आले.

चांदभाईंनी बल्ब सरकवला.

पुन्हा दोन.

त्यांनी कागद बदलला. पुन्हा दोन. मग लगेच दोन, आणखी दोन... घाईघाईने.

चांदभाई वैतागले. आतूनच म्हणाले, "अब क्या है? सबर कर जरा."

टोले थांबले.

त्यांना वाटलं, जमलं एकदाचं. निवांतपणे वायरी गुंडाळल्या, खिळे डबीत भरले, आणि दहाएक मिनिटांनी समोर आले. अमिनाबी खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या. किल्ली मुठीत होती. अक्षर पहिल्यापासून बरोबरच होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दहा मिनिटं आधी आणलं असतं तर...

लोक म्हणाले, काय सुखाचं मरण. चांदभाई मान हलवत राहिले. त्या टोल्यांबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नाही, घरात सून होती अरिबा, तिलासुद्धा नाही. सांगणार तरी काय? बायको बोलावत होती आणि मी बल्ब सरकवत होतो?

त्यानंतर त्यांनी काम सोडलं. किल्ली मात्र खिशात असायची.

मग गेल्या डिसेंबरात शिंदखेड्याचे लीलाधर नाना घरी येऊन बसले. गावातल्या पोरांचं नाटक होतं, नाव ‘तापीकाठ’. "बठ्ठा गाव येई राह्यना, चांदभाऊ," सगळं गाव येतंय, एवढंच म्हणाले आणि उठेनात. शेवटी अरिबानेच सामानाची पेटी बाहेर काढली. नाट्यगृह कुठलं ते चांदभाईंना धुळ्यात पोचल्यावर कळलं. परत फिरावंसं वाटलं. पण नानांना शब्द दिला होता.

दुपारी मंडळी जेवायला गेली. चांदभाईंना भूक नव्हती. सभागृहाचे दिवे त्यांनी आधीच बंद केले होते, पंखेही, नाहीतर पडदा हलतो. ते मागे गेले आणि पहिलं बटण दाबलं.

‘ता’ लागला.

आता समोर जाऊन बघायला हवं, असं मनात आलं. तेवढ्यात...

टण्.

चांदभाईंचा हात बटणावरच राहिला. पाइप वाजला असेल. जुनी इमारत आहे.

त्यांनी ‘पी’ लावला.

टण्.

‘का’.

टण्.

त्यांनी खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

त्यांनी ‘ठ’ लावला. बराच वेळ काहीच नाही. आणि मग...

टण्. टण्.

या वेळी चांदभाईंनी बल्बाला हात लावला नाही. ते धावले. साठीचा माणूस, वायरीत पाय अडकला, पायऱ्यांवर गुडघा फुटला, तरी धावले. तिसऱ्या रांगेपाशी येऊन थांबले.

कुणी नव्हतं.

त्या खुर्च्या अशा, की माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते. सगळ्या रांगेतल्या बैठका वर होत्या.

कडेची एकच खाली होती.

ते बघत असतानाच ती सावकाश वर गेली... खट्.

चांदभाईंना भीती वाटायला हवी होती. त्यांना रडू आलं. बैठक खाली ओढून ते तिच्या जागेवर बसले आणि अंधाराला म्हणाले, "मैं आ गया, अमिना. उस दिन नहीं आया."

मग त्यांनी मान वर केली. तीन अक्षरं झकास लागली होती. ‘ठ’च्या पोटात मात्र पांढरा ठिपका होता.

आणि त्या ठिपक्यावरून एक सावली गेली.

पडद्यामागे कुणीतरी होतं. ठिपका जरासा डावीकडे सरकला. थांबला. आणखी सरकला. तीस वर्षांत अमिनाबी कधी पडद्यामागे गेल्या नव्हत्या, त्यांना ते काम येतच नव्हतं. म्हणूनच हात असा चाचपडत चालला होता. हळूहळू ठिपका विरला आणि ‘ठ’ भरून उजळला.

चांदभाईंनी किल्ली काढली आणि एकदा वाजवली.

टण्.

अक्षरं विझू लागली. ता. पी. का. सगळ्यात शेवटी ठ.

मिट्ट काळोख झाला. तेव्हा त्यांनी किल्ली दोनदा वाजवली. मग पुन्हा दोनदा. मग घाईघाईने, वाजवतच राहिले...

पडद्यामागून कुणी आलं नाही.

दाराकडून मोबाईलचा उजेड आला. लीलाधर नाना होते. "अंधारामा काय करी राह्यनात, चांदभाऊ? तासभर व्हयना, लाईट गयेल शे. बठ्ठा धुयामा नही." तासाभरापासून सगळ्या धुळ्यात वीज नव्हती, आणि अक्षरं तर आत्ता विझली होती.

संध्याकाळी वीज आली, नाटक झालं. ‘ठ’ला कुणी हात लावला नव्हता आणि त्यात ठिपका नव्हता.

इथवर सांगून चांदभाई उठतात. पण मला सांगितलं त्या दिवशी ते दारात थांबले आणि बाहेर बघत म्हणाले, "मैंने कितनी देर बजाया, मालूम नहीं. वो भी इतनी ही देर बजाती रही होगी."

आत अरिबाच्या हातून ताटली निसटली. दोनदा वाजून जमिनीवर स्थिरावली.

चांदभाई पायातली चप्पल न काढताच आत धावले.