हिदुप, दर्सा!

जुवानाच्या बंदरामागे बर्फाचा एक कारखाना आहे. भिंती हातभर जाड, खिडकी एकही नाही, आणि आत पाऊल टाकताच अमोनिया नाकात झोंबतो. त्या सकाळी मी तिथे उभा होतो आणि कमरेला पक्कड लावलेली होती. किती वर्षांनी! मधल्या काळात माझ्या हातात झाराच होता. बंदरावर गाडा लावून मी ताहू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, तळून विकायचो. दर्सा गेला तेव्हापासून.

दर्सा माझा जोडीदार. मी वर तारांपाशी, तो खाली बोर्डापाशी, अशी आमची जोडी. छातीच्या दुखण्याने दवाखान्यात गेला बिचारा, विजेचा त्यात काही दोष नव्हता. पण त्याला खांदा देऊन आलो, आणि दुसऱ्या कोणाच्या भरवशावर तारेला हात लावायची माझी हिंमतच होईना. लोक म्हणाले, वागिनो घाबरला. घाबरलोच होतो, त्यात लपवायचं काय?

त्याची मुलगी रेत्नो आता वायरिंगची ठेकेदार झाली आहे. बाप गेला तेव्हा शाळेत होती. मला ती लिक म्हणते, म्हणजे काका; बापाला बापाक म्हणायची. तीच एक दिवस गाड्यावर येऊन बसली.

"लिक, ताहू काय कोणीही तळेल. बापाकबरोबर काम केलेला माणूस मी कुठून आणू?"

"पोरी, हात थरथरतात माझे."

"अस्सं! मग उकळत्या तेलात ताहू सोडताना बरे नाही थरथरत?"

वर म्हणाली, एक दिवस येऊन बघा, जमलं तर कायमचे राहा, नाही तर गाडा आहेच. म्हणजे ती सकाळ माझी परीक्षाच होती. नापास झालो असतो तर पुन्हा पक्कड हातात घ्यायला मी काही उरलो नसतो.

काम साधं होतं. बर्फाच्या टाकीवर, छताजवळ तारांच्या दोन जुन्या पेट्या होत्या. त्यांतले सडलेले जोड काढून नवे करायचे. बोर्ड भिंतीपलीकडच्या खोलीत. वॉकीटॉकी त्या भिंतींपुढे मुका झाला, तेव्हा मधलं दार उघडं ठेवून जुन्या रीतीने ओरडूनच काम करायचं ठरलं. मालक कोह बिंग हात मागे बांधून फेऱ्या मारत होता.

"उद्या होड्या येतील. बर्फ नसला तर मासे काय तुझ्या गाड्यावर तळायचे?"

मी वर चढलो. गुडघे कुरकुरले, पण कपाळाला विजेरी बांधून चढलो.

आमची रीत अशी. आमच्या भाषेत वीज येत नाही आणि जात नाही. ती 'हिदुप' असते, म्हणजे जिवंत, नाहीतर 'माती', म्हणजे मेलेली. वरच्याने बोर्डापाशी असलेल्याचं नाव घेऊन विचारायचं, आणि त्याने तोच शब्द परत द्यायचा. नुसतं 'हो' चालत नाही, 'हो' काय कोणीही म्हणेल. आणि ज्याच्या नावाने लाइन बंद केली, त्याच्याच नावाने ती चालू करायची. मधे दुसऱ्याने खटक्याला हात लावायचा नाही.

मी पेटीचं झाकण उघडलं आणि हाक मारली, "माती, दर्सा?"

जीभ चावली मी. जित्याची खोड, दुसरं काय!

"माती," उत्तर आलं.

आवाज घोगरा, शेवटचा स्वर लांबवलेला. अमोनियाने पोरीचा घसा बसला असेल, असं मनात आलं. टेस्टर लावून पाहिला, लाइन बंद होती. मग मी कामाला लागलो, आणि काय सांगू, हात जरासुद्धा थरथरले नाहीत. तारा सोलल्या, पीळ दिला, चिकटपट्टी गुंडाळली. सगळं बोटांना आठवत होतं. मनातून इतका आनंद झाला की शीळ घालावीशी वाटली.

पहिली पेटी झाल्यावर कोह बिंगला कंप्रेसर फिरताना बघायचा होता. मी ओरडलो, "हिदुप, रेत्नो!"

"हिदुप!" तिचा आवाज खणखणीत होता. घसाबिसा काही बसला नव्हता.

खट्ट झालं. दिवा लागला नाही. पुन्हा खट्ट. पुन्हा अंधारच.

रेत्नो दारात आली. "लिक, खटका वर राहत नाहीये."

"पडतोय?"

"पडत नाहीये. कोणी खाली आणतंय असं वाटतं."

मी उतरलो. जोड तपासले, मीटर लावला, कुठेही दोष नव्हता. मग खटका मी स्वतः वर केला. स्प्रिंगचा जोर मला ठाऊक आहे. हा तो जोर नव्हता. आतून ढकलणाऱ्याला बाहेरच्याने दार धरून 'थांब जरा' म्हणावं, तसा तो खाली आला. घाई नाही, झटका नाही.

"जमत नसेल तर सांगा," कोह बिंग म्हणाला, "दुसरी माणसं बोलावतो." आणि फोन करायला बाहेर गेला.

रेत्नो माझ्याकडे वळली. "लिक, मघाशी वरून नाव कोणाचं घेतलंत?"

"चुकून गेलं गं तोंडातून. तुझ्या बापाचं."

"म्हणजे मला बरोबर ऐकू आलं."

"पण तू उत्तर दिलंस की!"

"मी नाही दिलं. मी खटका खाली केला, तोंड उघडणार तेवढ्यात... मला वाटलं, तुम्हीच वरून बापाकची नक्कल करताय. रागच आला होता मला."

आम्ही दोघं बोर्डापासून एकेक पाऊल मागे सरलो.

"मग त्याच्याच नावाने चालू करायला हवी ना?" ती म्हणाली.

"अगं, तो नियम जिवंत माणसांसाठी असतो."

"असं कुठे म्हटलंय नियमात?"

बाहेर कोह बिंग फोनवर कोणाला तरी पत्ता सांगत होता. मी वर चढलो. आमच्या त्या शब्दात खबर आणि हुकूम यांत फरक नाही. 'हिदुप, दर्सा' म्हणजे 'दर्सा, लाइन चालू कर'. आणि 'दर्सा, जिवंत हो' हेही तेवढंच.

पेटीची कड धरून मी हाक मारली.

"हिदुप, दर्सा!"

टाकीत कुठेतरी पाणी टपकलं.

"हिदुप," उत्तर आलं. शेवटचा स्वर लांबवलेला.

दिवे लागले.

कंप्रेसर कण्हला आणि फिरू लागला. कोह बिंगने आत येऊन टाळी वाजवली, "शाब्बास!" म्हणाला, आणि आल्या पावली फोनवर नकार कळवायला गेला.

दुसरी पेटी बाकी होती. मी श्वास घेतला. "मा..."

"नाही, लिक!" रेत्नो दारात उभी होती.

"अगं, जोड बाकी आहे. लाइन बंद नको करायला?"

"तो शब्द त्यांना म्हणायचा नाही." तिने दाराची चौकट घट्ट धरली. "दवाखान्यात मला आत सोडलं नव्हतं. लहान आहे म्हणाले. शेवटचं बोलणं राहून गेलं माझं. आज मी सोडणार नाही त्यांना."

"मग मी काय करू? लाइन आता त्याच्याच नावावर आहे."

"तुम्हीच ठरवा," ती म्हणाली आणि बोर्डाच्या खोलीत गेली.

चालू तारेवर मी तरुणपणीसुद्धा कधी काम केलं नव्हतं. खाली उतरून गाड्याकडे चालू लागलो असतो तरी कोणी नावं ठेवली नसती. पण मी रबरी हातमोजे चढवले, कोरड्या फळीवर बसलो आणि झाकण काढलं. भीती शोधून सापडेना. बोर्डापाशी दर्सा होता ना!

भिंतीपलीकडून रेत्नोचं बोलणं येत होतं. परवान्याची परीक्षा, आईचे गुडघे, पहिल्या कामात जाळलेला पंखा. ती बोलायची, थांबायची, मग खळखळून हसायची. ती थांबायची तेव्हा मला कंप्रेसरच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

शेवटचा स्क्रू आवळताना माझ्या लक्षात आलं: ती थांबली की दर वेळी तिच्या आधी मीच हसत होतो.