जागा हाय

भुतं फक्त अमावास्येच्या रात्री वडाखाली भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचूच नये. हे सगळं भर दुपारी घडलंय. तारोडीत. भाईंदरजवळ, उत्तनच्या पट्ट्यातलं गाव, जिथे समुद्र घरात बसून ऐकू येतो.

ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा मामा. धर्मामामा. राई गावात राहतो, अजून हयात आहे. शपथा मी घेत नाही, कारण मामाच म्हणतो की शपथेवर बोलणारा निम्म्या वेळा थापा मारतो.

पटलं तर घ्या.

मामाचे बापजादे मिठागरवाले. मिठागरं गेली, बिल्डिंगी आल्या, मामाने ड्रायव्हरकी धरली. फिरून फिरून एका ट्रस्टची शववाहिका त्याच्या हातात आली. मंजुळामामी करवादायची, "लोकांचे नवरे टॅक्सी चालवतात, आमचा मढी वाहतो!"

मामा थंडपणे म्हणायचा, "माझा पॅसेंजर कटकट करत न्हाय."

असा माणूस.

आणि त्याचा जिगरी दोस्त कॅजिटन. तारोडीचा सुतार. आधी होड्या बांधायचा. फायबरच्या होड्या आल्या तसा त्याने मयताच्या पेट्यांचा धंदा धरला. "होडी काय नि पेटी काय," म्हणायचा, "मानूस पल्याड पोचला पायजे."

मामा आडदांड, दारात वाकून शिरणारा. कॅजिटन बोंबलासारखा, वारा आला तर उडेल असा. एक आगरी, एक ख्रिस्ती. दोस्ती झाली कशी? तर मयताच्या घरी भांडून! कॅजिटनची पेटी मामाच्या गाडीत बसेना. "तुझी गाडी बारकी!" "तुझी पेटी मोठी!" रडणारी माणसं रडायची थांबून बघायला लागली. शेवटी पेटीचं टोक बाहेर ठेवून दार दोरीने बांधलं. दफन उरकल्यावर दोघं कॅजिटनच्या कारखान्यामागे गेले आणि पोट धरून हसले.

तेव्हापासून मामा त्या बाजूला गेला की कारखान्यात डोकावणारच. कॅजिटनचं एक सागवानी बाकडं होतं. दारात सावली पडली की वर न बघताच तो बाकड्यावर एका कडेला सरकायचा, आणि रिकाम्या फळीवर तळहात मारायचा.

थप... थप.

"ये, बस. जागा हाय."

दर वेळी हेच. हे लक्षात ठेवा.

त्या कारखान्यात कॅजिटनच्या बापापासूनचा एक नियम होता. रिकामी पेटी कधी आडवी ठेवायची नाही. भिंतीला टेकून उभी ठेवायची. उभी असते तोवर ते नुसतं लाकूड. आडवी केली की ती माणूस मागते. आणि जो पहिला तिच्यात झोपला, त्याचीच ती. मग दुसऱ्या कुणाला ती घेत नाही.

मामाला हे माहीत होतं. शंभरदा ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं.

मे महिना होता. लाइट गेलेली. एका उंच, जाडजूड गृहस्थासाठी बनवलेली पेटी कारखान्यात भिंतीला तशीच उभी होती, कारण मयत परदेशातून आलं ते तिकडच्याच पेटीत. कॅजिटन पाणी प्यायला घरात गेला. मामा घामाने भिजलेला, डोळ्यांवर झापड. आणि अंगात मस्ती, ती काय वयाने जाते?

त्याने ती पेटी आडवी केली. आणि आत झोपला.

कॅजिटन परत आला तेव्हा मामा डोळे वटारून, जीभ बाहेर काढून पडलेला. कॅजिटन खो खो हसला. त्याने मोबाइल काढून फोटो मारला.

आणि मग...

मामाला समुद्र ऐकू येईना.

कॅजिटनचं तोंड हसताना दिसत होतं, पण हसू ऐकू येत नव्हतं. कावळे नाहीत, वारा नाही. कापूस कोंबावा तसे कान बंद. मामा सांगतो, सगळ्यात वाईट काय होतं माहितीये? ते बरं वाटत होतं. उठावंसं वाटत नव्हतं.

कॅजिटनने दंडाला धरून त्याला ओढून बाहेर काढलं, तेव्हा कुठे समुद्राचा आवाज परत आला.

"आडवी का केलीस? धरम्या, आडवी का केलीस रे?"

कॅजिटनचं हसू पार मावळलं होतं. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली. मामा म्हणाला, "अरे मी हिंदू हाय. मला जाळतील. तुझी पेटी माझं काय वाकडं करनार?"

 कॅजिटनने मोबाइल पुढे धरला.

फोटोत मामाची जीभ बाहेर नव्हती.

डोळे मिटलेले होते. हात छातीवर जोडलेले.

दुसऱ्या दिवशी कॅजिटनचा फोन आला. त्याने रात्री पेटी भिंतीला उभी करून ठेवली होती. सकाळी ती आडवी होती.

पुन्हा उभी केली. दोरीने खिळ्याला बांधली. सकाळी दोरी जागच्या जागी, गाठसुद्धा तशीच.

पेटी आडवी.

मग त्याने ठरवलं, विकून मोकळं व्हायचं. गंमत ऐका. भाईंदरच्या एका घरातून माणसं आली, आजोबा शेवटचे श्वास मोजत होते. पेटी पसंत पडली. माणसं घरी पोचेपर्यंत आजोबा उठून बसलेले, पाव-चहा मागत होते. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी पेटी नेली, तर त्यांचं मयत पेटीत मावेना. एवढी मोठी पेटी आणि चिमणीएवढी म्हातारी, खांदे अडतात! माणसांनी घाबरून पेटी परत पाठवली. मामा आणि कॅजिटन फोनवर हसले त्यावर. दोघंही जरा जास्तच हसले.

कारण तोवर मामाला ताप चढला होता.

साधा ताप नाही. डॉक्टर झाले, रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. पण मामा वाळत चालला. एवढा धिप्पाड माणूस उठता-बसता मामीचा खांदा धरायला लागला. मामीला रोज अंथरुणावर लाकडाचा भुसा सापडायचा. बारीक, ताजा. चादर झटकली तरी दुसऱ्या दिवशी परत. मामा तर आठवडाभर घराबाहेर पडलेला नव्हता.

मामीने गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडले. शेवटी तिने कॅजिटनला फोन लावला. "भाऊ, तुम्ही काय केलंत ह्यांना? मला माझा माणूस परत द्या."

कॅजिटन त्याच दिवशी आला. पलंगाच्या कडेवर बसला. मामाला नजरेनेच डोक्यापासून पायापर्यंत मापलं. म्हणाला, "धरम्या, तू लय लांबडा. तुझ्या मापाची पेटी बनवायला लाकूड किती जातं ठाव हाय? तू मरू नको."

मामा हसला. हसताना त्याला धाप लागली.

"मी बघतो तिचं काय ते," कॅजिटन उठत म्हणाला.

दारातून जाताना तो मामीला एवढंच बोलला, "वयनी, उद्या त्याला बोंबलाचं कालवण दे. खाईल तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाचा ताप उतरला. एकदम, नळ बंद करावा तसा. त्याने स्वतःहून जेवायला मागितलं. पहिला घास तोंडात घातला आणि फोन वाजला.

कॅजिटनचा मुलगा, ॲलन. रडत होता.

"अंकल... डॅडी..."

जेवायला का आला नाही म्हणून ॲलिस, कॅजिटनची बायको, कारखान्यात गेली होती. कॅजिटन त्या पेटीत झोपला होता. हातात रोझरीची माळ. डॉक्टर म्हणाले, हार्ट. थकला असेल, आडवा झाला असेल, झोपेतच गेला.

हातातला घास मामाने ताटात ठेवला. तो आजतागायत बोंबील खात नाही.

त्याच पेटीत कॅजिटनला पुरलं. दुसरी बनवणार कोण? बनवणाराच गेला. पेटी त्याला कितीतरी मोठी. खांद्यावर नेताना हलू नये म्हणून ॲलनने त्याला मधोमध, सरळ ठेवलं, आणि दोन्ही बाजूंना उशा नि चादरी कोंबल्या. मामा तिथेच उभा होता. त्याने हे डोळ्यांनी पाहिलंय.

शववाहिका मामानेच चालवली. चर्चपासून सिमेट्रीपर्यंत तो ढसाढसा रडत होता. "माझं मरण त्याने घेतलं," एवढंच मामीला म्हणाला. मामीने तोंडावर हात ठेवला त्याच्या.

ॲलनने कारखाना बंद केला आणि ते बाकडं मामाला दिलं. डॅडींची आठवण म्हणून. मामाने ते राईच्या घरी ओटीवर ठेवलं.

आणि मग एका दुपारी मामा आत पेपर वाचत होता. ओटीवर कुणी नव्हतं.

थप... थप.

मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "कोन हाय वो?"

कुणी नव्हतं. बाकड्यावर धूळ होती, आणि एका कडेची धूळ तेवढी पुसलेली.

त्यानंतर अधूनमधून व्हायला लागलं. मामी म्हणाली, बाकडं जाळून टाका. मामाने ऐकलं नाही. म्हणाला, "मला वाचवलंय त्यानं. मला काय करनार तो?"

मलाही तेच वाटायचं. मित्र आहे, राखण करतोय.

गेल्या वर्षापर्यंत.

तिकडे सिमेट्रीत जागा कमी. काही वर्षं गेली की कबर उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि कबर पुढच्या माणसाला देतात. कॅजिटनची पाळी आली. ॲलिसने मामाला बोलावून घेतलं. मामासोबत मी गेलो होतो. हे पुढचं ऐकीव नाही, मी स्वतः पाहिलंय.

सकाळचे दहा. लख्ख ऊन. खणणारा धाकू गाणं गुणगुणत माती उपसत होता. झाकण कुजून गेलं होतं, तळ आणि बाजूच्या फळ्या तेवढ्या शिल्लक. धाकूने हाताने माती बाजूला केली.

त्याचं गाणं थांबलं.

आम्ही पुढे होऊन वाकलो.

कॅजिटन मधोमध नव्हता.

सगळी हाडं, डोक्यापासून पायापर्यंत, नीट, जागच्या जागी. पण एका बाजूच्या फळीला चिकटून. अंग चोरून. आणि बाकी अख्खी पेटी रिकामी. उशा नाहीत, चादरींची चिंधीही नाही. झाडून घ्यावी तशी स्वच्छ. एक आडदांड माणूस आरामात मावेल एवढी.

आणि त्या रिकाम्या बाजूला त्याचा एक हात पसरलेला. तळहात फळीवर.

"पाणी शिरलं असंल," धाकू म्हणाला. "पाण्यानं सरकतं." असं म्हणून तो लांब जाऊन उभा राहिला.

 ॲलिसआंटी मामाकडे वळल्या. त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"जलमभर पलंगावर मधीच पसरून झोपला, दादा. किती कोपरं मारली मी त्याला. माझ्यासाठी कवा इतभर सरकला न्हाय."

 परत येताना गाडीत मी म्हटलं, मामा, ते बाकडं देऊन टाकूया कुणाला तरी. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्यानं पेटी घेतली माझी. पन पहिला झोपलेला मी, पेटी माझीच हाय ना. त्याला ठाव हाय."

कॅजिटनची हाडं आता कोनाड्यात आहेत. पेटीच्या फळ्या धाकूने जाळल्या. वाटलं, मिटलं.

परवा दुपारी मामीचा फोन आला. मामाला ताप आलाय. मी भाईंदरच्या जेसल पार्कवरून रिक्षा करून तसाच निघालो. पोचलो तर मामी ओटीवर उभी, हातात झटकलेली चादर. पायाशी लाकडाचा भुसा पडलेला.

"सकाळपासून झोपेत बडबडतायत," ती म्हणाली. "तूच ऐक."

मी आत गेलो. मामा डोळे मिटून पडला होता. घाबरलेला अजिबात दिसत नव्हता. उलट हसत होता, कारखान्यात बसून हसायचा तसा.

बाहेर ओटीवर आवाज आला.

थप... थप.

मामी बाहेर उभी होती, पण आवाज तिने केला नव्हता. ती किंचाळली, त्यावरून मला कळलं.

आणि मामा झोपेतच लाडाने पुटपुटला,

"आलो रे... आधी सरक जरा."

ताप अजून उतरलेला नाही. मी हे त्याच्या उशाशी बसून लिहितोय. बाकडं मी काल फोडून चुलीत घातलं.

आता आवाज पलंगातून येतोय.