दुपारचं वाचन

वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची सवय मला बाबांनी लावली, मी तिसरीत असताना. पुस्तकाचं नाव, संपवल्याची तारीख आणि आवडलेलं एक वाक्य, बस्स. त्यांची अट एकच होती: शेवटचं पान उलटल्याशिवाय नाव लिहायचं नाही. मी इतकी रमतगमत वाचायचे की महिना उलटला तरी वहीत नवं नाव पडायचं नाही. ते मला गोगलगाय म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या, हे त्यांचं काम. घरी काम आणलं की लेखकाचं हस्तलिखित मी मोठ्याने वाचायचे आणि ते छापील कागदावर नजर फिरवत ऐकायचे. एखादी ओळ छापायची राहिली असली की टेबलावर पेन्सिल टक्‌कन वाजायची. "थांब. मजकूर सुटलाय." त्यांच्या दृष्टीने वाईट छापणं हा गुन्हा होता, पण मजकूर सुटणं हे पाप होतं.

म्हातारपणी त्यांचे डोळे गेले. आयुष्यभर डोळ्यांवर जगलेल्या माणसाचे डोळेच जावेत, याचा मला फार राग आला होता; कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. त्यांनी मात्र एवढंच विचारलं, "संध्याकाळी तासभर वाचून दाखवशील ना?"

दिवसा त्यांच्याजवळ मावशी असायच्या. नात्याच्या नव्हेत, पण आजारी माणसांचं करण्यात हयात गेलेल्या. मी वजनकाटे तपासण्याच्या कचेरीत काम करते. दुकानांतले काटे आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांवर पितळेची प्रमाण वजनं ठेवून बघतो. त्या वजनांना बोट लावायचं नसतं, चिमट्याने उचलायची. बोटांच्या तेलानेही फरक पडतो. सांगायचा मुद्दा, मी सहजासहजी कशावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही.

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाने वाचनाचं आव्हान जाहीर केलं. वर्षभर आठवड्याला एक पुस्तक. संपलं की वाचनालयाच्या ग्रुपवर नाव आणि आवडलेलं वाक्य टाकायचं. ग्रंथपाल बाईंना मी विचारून घेतलं, कुणाला वाचून दाखवलेलं चालेल का?

"न चालायला काय झालं? मोठ्याने वाचलं तरी वाचलंच की हो!"

झालं. बाबांचा तास आणि माझं आव्हान, दोन्ही एकदम उरकायचं ठरलं. पण मोठ्याने वाचताना पानं सरकत नाहीत. मार्च उजाडला तरी मी रांगेत शेवटून दुसरी होते. सगळ्यांत पुढे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. दर रविवारी ते नवं पुस्तक टाकायचे, वर जोडलेल्या हातांचं चित्र. त्या हातांनी माझं डोकं फिरायचं.

पहिल्यांदा मी एका दलदलीचं वर्णन गाळलं. तीन पानं नुसती दलदल. बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, कान थकले असतील. मग सवयच लागली. पुढचा परिच्छेद डोळ्यांनी आधी हेरायचा आणि आवाज न बदलता उडी मारायची. यात मी चांगलीच तरबेज झाले. ग्रुपवर माझं नाव वर सरकू लागलं.

त्या सुमाराला दुपारी कचेरीत माझा घसा बसायला लागला. चहाच्या वेळेला आवाज पार खरखरीत. शेजारच्या टेबलावरचे सहकारी खडीसाखरेची डबी पुढे करत म्हणाले, "काय हो, गाणं शिकायला लागलात की काय?" मी म्हटलं, फायलींची धूळ.

एका संध्याकाळी मी बाबांची नखं कापत होते. ते एकदम हसले.

"तो नावेतला न्हावी भारी होता हं."

"कोण न्हावी?"

"अगं, आपल्या त्या नदीच्या पुस्तकातला. गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी करतो आणि धक्का आला म्हणून उतरून जातो."

पुस्तक उशाशीच होतं. मी चाळलं. न्हावी होता. मी आदल्या दिवशी गाळलेल्या पानांत होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं, बाबा?"

"कुणी म्हणजे? दुपारी तूच नाही का वाचलंस?"

वयाचा परिणाम, असं मनाशी म्हणत मी मावशींना गाठलं. त्यांनी वाचून दाखवलं का, म्हणून विचारलं.

"मी कशाला वाचते?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच तर दुपारी फोनवरून वाचता. मी आत भांडी आवरत असते, ऐकू येतो ना तुमचा आवाज. बरं वाटतं हो त्यांना."

मी दुपारी फोन करत नव्हते. बाबांचा बटणांचा फोन बघितला. त्यावर गेल्या आठवड्याभरात एकही फोन आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक कचेरीत नेलं आणि प्रमाण वजनांच्या कपाटात कुलूपबंद केलं. त्या कपाटाची किल्ली माझ्याचकडे असते. चार वाजता घसा बसला. संध्याकाळी घरी येते तर बाबा उशीला टेकून खुशीत बसलेले.

"दुपारी किती छान वाचतेस गं तू," ते म्हणाले. "अगदी सावकाश, लहानपणी वाचायचीस तशी. आमची गोगलगाय परत आली म्हटलं. संध्याकाळी मात्र तुला काय होतं कोण जाणे. कुणी मागे लागल्यासारखी पळतेस."

मला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी लागलं ते त्यांचं बोलणं, आणि खरं सांगायचं तर मला त्या दुपारच्या बाईचा हेवा वाटला.

पुढच्या पुस्तकात दोन पानं कडेला जोडलेलीच होती. कापताना राहून जातात कधीकधी. सुरी आणायला कोण उठतंय, म्हणून मी तशीच पुढे गेले. दुसऱ्या संध्याकाळी बाबांनी मान हलवली.

"हल्ली छापखान्यात कुणी बघतच नाही वाटतं. आज एक ओळ दोनदा छापलेली होती. तू दोन्ही वेळा वाचलीस आणि मग आपण दोघं हसलो."

मी स्वयंपाकघरातून सुरी आणली. जोडलेला कागद अजून तसाच होता, त्यावर साधी सुरकुती नव्हती. मी तो कापला. आतल्या उजव्या पानावर, मधोमध, एकाखाली एक तीच ओळ दोनदा छापलेली होती.

मी सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

मग मी एक दिवस रजा घेतली. बाबांना सांगितलं नाही. मावशींना गप्प राहायला सांगितलं. दुपारी ते झोपले असताना मी दबकत खोलीत गेले आणि पलंगाजवळच्या खुर्चीत बसले. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. कुणी आलं तर मला दिसणार होतं. फळीवरचं घड्याळ, पाण्याचा तांब्या, खिडकीचा अर्धा ओढलेला पडदा, सगळं जागच्या जागी होतं.

बाबा जागे झाले. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"आलीस?"

मी बोलले नाही.

त्यांनी उशी सारखी केली, हात छातीवर ठेवले आणि ऐकू लागले. त्यांचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. हस्तलिखित ऐकतानाचा तो चेहरा होता. भुवया किंचित वर, ओठ मिटलेले. मध्येच ते हसले. मध्येच "अरेरे" म्हणाले.

मला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

मी हात तोंडावर ठेवला. ओठ बंद होते. अगदी बंद.

"सावकाश," बाबा म्हणाले. "घाई नाही आपल्याला."

स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज आला.

"ताई, घोटभर पाणी देऊ का? केव्हाच्या वाचताय!"

पुस्तक माझ्या मांडीवर मिटलेलंच होतं. घसा मात्र दुखत होता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? त्या संध्याकाळपासून मी एक अक्षर गाळलं नाही. दलदल आली तर दलदल वाचली. तळटिपासुद्धा वाचल्या. हळूहळू दुपारचा घसा सुटला. मावशी म्हणाल्या, हल्ली फोन करत नाही वाटतं तुम्ही? बाबांनी दुपारचा विषय काढणं बंद केलं. एकदा फक्त म्हणाले, "आता बरं वाटतं. दोन्हीकडची तू एक झालीस." म्हणजे काय, हे मी विचारलं नाही, पण त्यांचा हात बराच वेळ धरून बसले. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस होते, आणि ते पुढेही चालू ठेवणं माझ्याच हातात होतं.

वर्ष संपत आलं. बाबांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस धरू नका. इकडे संध्याकाळच्या तासाचे आता तीन-तीन तास व्हायचे, त्यामुळे काही न गाळताही ग्रुपवर मी आणि पोस्टमास्तर अगदी बरोबरीला आलो होतो. शेवटचं पुस्तक तेवढं बाकी होतं. त्याचं शेवटचं प्रकरण राहिलं आणि वाचनालयाच्या समारंभाचा दिवस आला. नोंद दुपारपर्यंत टाकायची होती. मी कचेरीतूनच टाकली. शेवटचं पान उघडलं, एक बरं वाक्य उचललं, खाली लिहिलं: वाचून पूर्ण. पर्समधल्या माझ्या वहीतही नाव चढवलं.

संध्याकाळी मावशींना थांबवून घेतलं आणि साडी बदलून बाबांच्या खोलीत डोकावले.

"शेवटचं राहिलंय," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "वाच ना. आज नको जाऊस."

"आल्यावर वाचते, बाबा. तासाभराचा तर कार्यक्रम."

"पुस्तक ठेवून जा मग."

मी ते उशाशी ठेवलं. मी दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला. त्यांच्या बोटाचं नख पलंगाच्या लाकडी कडेवर एकदाच वाजलं, टक्‌. मी थांबले. आणि तरीही गेले.

समारंभ छान झाला. पोस्टमास्तर स्वतः उठून माझ्याशी हात मिळवायला आले. बिचारे साधे गृहस्थ निघाले. ग्रंथपाल बाईंनी मला प्रशस्तिपत्र आणि कापडी पिशवी दिली, आणि माइक पुढे केला. "दोन शब्द बोला ना. एवढं कसं वाचलंत?"

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

खाकरले. पुन्हा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा येत होती. लोकांना वाटलं, भारावून गेले. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच पर्समधला फोन थरथरला. मी व्यासपीठाच्या कडेला जाऊन तो कानाला लावला.

"ताई?" मावशी रडत होत्या. "ताई, परत येऊन तुम्ही कुठून बाहेर पडलात? आत्ता तर वाचत होतात. पुस्तक मिटल्याचा आवाज आला म्हणून मी आत डोकावले, तर साहेब..."

मला "आले" म्हणायचं होतं. तेवढंही म्हणता आलं नाही.

घरी पोचले तेव्हा बाबांचा चेहरा खुर्चीकडे वळलेला होता. खुर्ची मी सोडून गेले होते त्यापेक्षा पलंगाच्या जवळ होती. पुस्तक मिटून त्यांच्या हाताखाली ठेवलेलं होतं.

मावशींनी सगळ्यांना सांगितलं. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नशीब काढलं गं माझ्या भावाने. शेवटच्या श्वासापर्यंत लेक उशाशी बसून वाचत होती." आलेल्या प्रत्येकाने तेच म्हटलं. कुणालाच मी खोटं पाडलं नाही. एकदा वाटलं, ओरडून सांगावं की ती मी नव्हते. पण मग कोण होती, असं त्यांनी विचारलं असतं. शिवाय बाबांना विचारलं असतं तर त्यांनीही माझंच नाव सांगितलं असतं.

ती नोंद मी वहीतून खोडली. ग्रंथपाल बाईंना पिशवी परत केली. त्यांना काही समजलं नाही. शेवटचं प्रकरण अजून वाचलेलं नाही. दोनदा पुस्तक घेऊन त्या खुर्चीत बसले, बाबांचा रिकामा पलंग समोर ठेवून. दोन्ही वेळा ते पान येण्याआधीच उठले. जे त्या माणसाला वाचून दाखवायचं होतं, ते आता पलंगाला काय वाचून दाखवायचं?

मावशी दुसऱ्या घरी कामाला लागल्या. मी सकाळी कुलूप लावून कचेरीत जाते, संध्याकाळी उघडते. दिवसभर घरात कुणी नसतं. नव्या वर्षाच्या आव्हानात मी नाव दिलेलं नाही.

घसा मात्र पुन्हा बसायला लागला आहे. रोज दुपारी, चहाच्या सुमारास. सहकारी खडीसाखरेची डबी पुढे करतात. मी एक खडा तोंडात टाकते आणि मग पाच वाजेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलत नाही. तिकडे आवाज पुरायला हवा.