बघून राख

ती दुपार आपल्याला नीट आठवते की नाही, याची प्राध्यापकांना स्वतःलाच खात्री नाही. चहाचा कप निळा होता की पांढरा, असं विचारलं तर ते गोंधळतात. घड्याळात तीन चाळीस झाले होते हे मात्र छातीठोकपणे सांगतात आणि लगेच चष्मा पुसत पुस्ती जोडतात, "अर्थात, माझं घड्याळ तेव्हा मागे पडायचं." चाळीस वर्षं भाषाविज्ञान शिकवलेला माणूस. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक उभ्या उभ्या पकडायचा, पण स्वतःच्या आठवणीवर सही करायची वेळ आली की हात कापायचा.

काम तसं साधं होतं. थोरल्या भावाला जाऊन चार महिने झाले होते. वहिनी दुसऱ्या दिवशी लेकीकडे कायमची राहायला निघाली होती आणि घर रिकामं करायचं होतं.

"भाऊजी, ह्यांच्या खोलीतलं मला काही उमगत नाही," ती फोनवर म्हणाली होती. "कामाचं कुठलं नि भंगार कुठलं, तुम्हीच बघा. हवं ते न्या."

दादा टीव्ही दुरुस्त करायचा. घराच्या मागच्या अंगाला त्याची खोली होती. एक लांब टेबल, एक खुर्ची, एक खिडकी, एक दार. भिंतीला उघडे टीव्ही रचलेले. तारा जोडायला डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास चार महिन्यांनीही तिथून हलला नव्हता. त्या दाराला एक खोड होती. वाऱ्याने ते धाडकन लागलं की बाहेरची कडी आपोआप कोयंड्यात पडायची आणि आतला माणूस आतच राहायचा. "दुरुस्तीवाल्याच्या घरातलं काही दुरुस्त नसतं," असं दादाच हसून सांगायचा.

टेबलावर मधोमध दादाने बनवलेला खेळ होता. जुना ठोकळ्या टीव्ही, त्याला जोडलेली लाकडी पेटी आणि पेटीवर चार बटणं.

निवृत्तीनंतर दादाला हे वेड लागलं होतं. त्याच्या तरुणपणी असायचे तसे, मोठ्या ठिपक्यांची चित्रं असलेले खेळ तो स्वतः बनवायचा. या खेळात एक माणूस एका घरातून बाहेर पडायला निघतो, एवढंच होतं. खेळातले शब्द मराठीत हवेत म्हणून त्याने धाकट्याला गाठलं.

"पंडित, तुझ्या विद्येचा एकदा तरी उपयोग होऊ दे. खेळ अर्ध्यावर थांबवून जपून ठेवायचा, त्याला शब्द दे. पाटीवर दोनच अक्षरं मावतात."

"जतन."

"ती तीन झाली. शिकवतोस काय तू पोरांना?"

"मग... ठेव?"

"ठेव काय, खाली ठेव? वर ठेव?"

प्राध्यापकांनी दोन दिवस विचार केला आणि शब्द दिला: राख. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे भाषापंडिता, बटण दाबलं की माणसाची राख होणार का?"

"आज्ञार्थ आहे तो," प्राध्यापक चिडून म्हणाले होते. "राखणे. तू राख. सांभाळ."

शब्द तोच राहिला. खेळ मात्र दादाने कमालीचा अवघड केला. राखायला जागा एकच. नवं राखलं की जुनं पुसलं जाणार. "आणि अडकलेल्या जागी राखलंस, तर जन्मभर तिथेच उघडेल," तो बजावायचा. "म्हणून बघून राख."

"हा तर जुलूम झाला."

"सोपा ठेवला तर सुटल्याचा आनंद कुणाला होईल? आणि हे बघ, माझा माणूस बिनचष्म्याचा आहे, माझ्यासारखा. तुला काढायचं म्हणजे चार ठिपके जास्त लागतात. तेवढी जागा नाही माझ्याकडे." मग जरा थांबून, "एकदा खेळून तर बघ रे. दुसऱ्या कुणी बघितल्याशिवाय कळत नाही."

"बघतो," प्राध्यापक म्हणायचे. वर्षभर बघतोच म्हणाले.

दादा गेला त्या दुपारी वहिनी लेकीकडे गेली होती. दार लागलं, कडी पडली आणि आत दादाच्या छातीत कळ आली. दहा मिनिटांच्या अंतरावर धाकटा भाऊ आपल्या पुस्तकाची शब्दसूची तपासत बसला होता. फोन वाजला. दादाचं नाव दिसलं. खेळाचंच विचारणार, नंतर करू, असं म्हणून त्याने फोन पालथा ठेवला. फोन आणखी दोनदा वाजला. शेवटी शेजाऱ्यांनी कडी काढून दादाला दवाखान्यात नेलं. अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर पुढे म्हणाले आणि वाक्य अर्ध्यावरच सोडून दिलं. त्या तीन फोनांचं प्राध्यापकांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ते आठवायचं आणि रोज ते गिळायचे.

तर घर आवरायच्या त्या दुपारी खुर्चीत बसून त्यांनी टीव्ही लावला. निदान आता तरी बघू, एवढंच मनात होतं.

पडद्यावर दोन पाट्या आल्या. नवा. जुना. त्यांनी 'जुना' दाबलं.

खोली उघडली. लांब टेबल, खिडकी, दार, जमिनीवर उन्हाचा चौकोन, कोपऱ्यात फोन आणि खुर्चीत ठिपक्यांचा एक माणूस. वरच्या रांगेत वीस पिवळे चौकोन होते. बघता बघता त्यातला एक विझला. मग दुसरा. ते माणसाचे श्वास होते.

त्याच क्षणी मागचं खरं दार वाऱ्याने लागलं. धाड. आणि बाहेर कडी पडली... खट्ट.

स्वयंपाकघरात खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा लांब, फाटका आवाज आला. पाठोपाठ वहिनीचा आवाज, "भाऊजी, चहा ठेवते हं!"

"वहिनी, कडी पडली बघा!" प्राध्यापक ओरडले. उत्तर आलं नाही. येईलच चहा घेऊन, असं म्हणून ते पडद्याकडे वळले. ठिपक्यांच्या माणसाला दारापर्यंत नेलं. बटण दाबलं. दार हललं नाही. पुन्हा दाबलं. शेवटचा चौकोन विझला, माणूस दाराशी आडवा झाला आणि पडदा काळा पडला.

नवा. जुना.

त्यांनी 'जुना' दाबलं. मागे दार लागलं. धाड... खट्ट.

चिकटपट्टीचा लांब, फाटका आवाज. "भाऊजी, चहा ठेवते हं!"

दार तर आधीच बंद होतं. मग आत्ता लागलं ते काय? प्राध्यापक उठले. दार घट्ट होतं. त्यांनी दोन्ही मुठींनी ते बडवलं, वहिनीला हाका मारल्या. त्या हाका चार भिंतींतच जिरल्या. मागे टीव्हीतून बारीक आवाज येत होता. टक. टक. बटणाला हात न लावताही चौकोन विझत होते. शेवटच्या चार-पाच चौकोनांना त्यांच्या स्वतःच्या छातीत काहीतरी आवळू लागलं. श्वास वरच्या वर तुटायला लागला. ते कसेबसे खुर्चीपर्यंत आले, आणि पडदा काळा पडला, तसा त्यांचा श्वास परत आला.

घड्याळात तीन चाळीस. त्यांनी काही दाबायचं नाही असं ठरवलं. हात मांडीवर ठेवून बसले. पाट्या समोर होत्या आणि जमिनीवरचा उन्हाचा चौकोन फरशीच्या त्याच भेगेला टेकून होता. खिडकीच्या काचेवर एक माशी होती. चालत नव्हती, उडत नव्हती. बाहेर चिटपाखरूही बोलत नव्हतं. किती वेळ बसलो ते त्यांना सांगता येत नाही. एक तास म्हणतात, मग म्हणतात, कदाचित पाच मिनिटं. पण घड्याळ तीन चाळीसच दाखवत होतं, आणि न दाबल्यास हा तीन चाळीसचा ठोका कधीच पुढे सरकणार नाही, हे त्यांना हळूहळू कळलं. त्यांनी 'जुना' दाबलं.

धाड... खट्ट. "भाऊजी, चहा ठेवते हं!"

शब्द तोच, सूर तोच, 'हं'वरचा हेलही तोच. आयुष्यभर माणसांचे उच्चार तपासलेला तो कान. जिवंत माणूस एकच वाक्य दोनदा अगदी सारखं म्हणू शकत नाही, हे तर ते वर्गात शिकवायचे.

खिडकीशी गेले, तिला गज. टेबलाखाली गेले, नुसत्या तारा. अडकलेल्या जागी राखलंस तर जन्मभर तिथेच उघडेल. हा दादाचा शेवटचा क्षण होता. राखलेला. आणि दादा त्यात चार महिने असाच उठत होता, दारापर्यंत जात होता, पडत होता...

मग त्यांना कोपऱ्यातला फोन आठवला. या वेळी त्यांनी ठिपक्यांच्या माणसाला तिथे नेलं आणि बटण दाबलं.

त्यांच्या खिशातला मोबाइल थरथरला.

बाहेर काढला. त्याच्यावर नाव होतं, दादा.

तो नंबर वहिनीने गेल्याच महिन्यात बंद केला होता. प्राध्यापकांच्या हातून फोन टेबलावर पडला आणि तिथेच घरघरत राहिला. ते त्याच्याकडे बघत राहिले. चौकोन विझत गेले. फोन थांबला. पडदा काळा झाला.

आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, आपण पुन्हा तेच केलं. याही वेळी उचलला नाही.

'जुना'. धाड... खट्ट. "भाऊजी, चहा ठेवते हं!" माणूस फोनपाशी गेला. मोबाइल थरथरला. प्राध्यापकांनी डोळे मिटले आणि तो कानाला लावला.

आधी नुसती राळ जळल्यासारखी चरचर. मग जवळून, फार जवळून, थकलेला आवाज.

"पंडित... कडी पडलीय रे."

"हो दादा..." प्राध्यापक म्हणाले. "आलो मी."

"कुठे आहेस?"

"आत... तुझ्या खोलीत."

टीव्हीत टक, टक चालू होतं.

"आत?" दादा हळूच म्हणाला. "अरे, आत येऊन कसं चालेल... बाहेरून कोण उघडणार मग?"

प्राध्यापकांनी पडद्याकडे पाहिलं. वर सात चौकोन उरले होते. सहा.

"दादा, तू ऊठ," ते म्हणाले. "मी बसतो इथे. तू जा."

"बघून बोल, पंडित..."

"बघितलं. जा तू."

फोन बंद झाला. पडद्यावरचा माणूस कुणी बटण न दाबता फोनपासून वळला. तो दारापर्यंत गेला. दार उघडलं. त्यापलीकडे काही काढलेलंच नव्हतं, नुसता पांढरा उजेड होता. तो त्यात गेला. खोलीत रिकामी खुर्ची राहिली. वर एक चौकोन होता.

मग पाटी आली: राख.

त्यांना दादाचं बजावणं आठवलं. जागा एकच. नवं राखलं की जुनं पुसलं जाणार. म्हणजे न राखता सोडलं, तर दादा परत त्या खुर्चीत. त्यांची छाती आवळत चालली होती. त्यांनी अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला.

मागे कडी निघाल्याचा आवाज झाला.

"मेली ही कडी!" वहिनी कप घेऊन दारात उभी होती. "आणि तुम्ही हाक तरी मारायची. अहो, घामाने भिजलात की!"

माशी काचेवरून उडाली. घड्याळात तीन एकेचाळीस.

चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी सगळं ओकून टाकलं. खेळाचं नाही, त्या तीन फोनांचं. वहिनीने चिकटपट्टीचं रीळ मांडीत घेऊन ऐकलं.

"ठाऊक आहे मला," ती शेवटी म्हणाली. "त्यांचा फोन माझ्याच हातात दिला होता ना दवाखान्यात. तुमचं नाव तीनदा होतं त्यात."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते." ती उठली. "चहा घ्या. निवला."

तो खेळ प्राध्यापकांनी घरी नेला नाही. तो वहिनीच्या सामानाबरोबर पुतणीकडे गेला आणि तिच्या माळ्यावर सहा वर्षं पडून राहिला.

सहा वर्षांनी एका सकाळी पुतणीचा फोन आला. ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. बापाची आठवण म्हणून तिने पेटी खाली काढली होती, आतला प्रोग्रॅम आणि दादाची वही, दोन्ही ओळ न् ओळ वाचली होती.

"काका, एक गंमत सांगू? यात राखायची सोयच नाही. ती 'राख' पाटी नुसती रंगवलेली आहे. मागे काहीच जोडलेलं नाही. बाबांनी वहीत लिहून ठेवलंय, 'राख: पंडितने एकदा खेळून पाहिलं की जोडतो.'"

प्राध्यापक भिंतीला टेकले.

"मग 'जुना' दाबलं की काय उघडतं?" त्यांनी विचारलं.

"काही उघडायलाच नको खरं तर." तिचा आवाज खाली आला. "पण उघडतं, काका... एक खोली उघडते. खुर्चीत कुणीतरी बसलंय."

"तुझे बाबा असतील."

"नाही. याला चष्मा आहे."

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडून प्राध्यापक स्वतः गेले. पुतणीला बाहेर बसवलं, दार सताड उघडं ठेवून त्याला दगड लावला आणि मग टीव्ही सुरू करून 'जुना' दाबलं. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी काचेवर बोट टेकवून दोनदा मोजलं.

चष्म्याचे ठिपके चार होते. वरच्या रांगेत चौकोन एक.